हजिऱ्याचा ‘ऱ्या’ आणि संगणकाची कळ

ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली वसलेला हजीरा हा भाग दोन गोष्टींमुळे सर्वांच्या परिचयाचा आहे. एक म्हणजे तेथील महंमद घौस यांचा भव्य मकबरा आणि त्याच्याच आवारात असलेली मियाँ तानसेनाची साधीसुधी समाधी. आणि दुसरी म्हणजे त्याला लागून असलेल्या बिर्लानगरातील जियाजीराव कापड गिरणी, जिचा भोंगा विसाव्या शतकाच्या अखेरीस कायमचा थांबला. परंतु मराठी माणसाच्या दृष्टीने या नावाला आणखी एक वैशिष्ट्य आहे आणि ते सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. हिंदी भाषक ‘हजीरा में’ असे लिहून मोकळा होतो. मराठी माणसाला मात्र ‘हजिऱ्यात’ असे लिहावे लागते. म्हणजे या गावभागाच्या नावाला विभक्तीचा प्रत्यय लावायचा झाला की, मराठीचे ते खास अक्षर, अर्धचंद्रासारख्या आडव्या रेघेचा तो अर्धा र, हाताशी असल्यावाचून गत्यंतर नसते. ‘हजिर्यात’ असे रफार देऊन लिहिले तर ते मराठी होत नाही. आणि ‘हजीरात’ असे लिहिले तर व्याकरण आणि उच्चार या दोहोंनाही सोडचिठ्ठी दिल्यासारखे होते.

हाताने लिहिताना हा प्रश्न उद्भवत नाही. बोरू असो वा झरणी, ती लिहिणाऱ्याच्या मनाप्रमाणे वळते. प्रश्न उद्भवतो तो लेखन कळांच्या स्वाधीन होते तेव्हा. आणि आज पत्र, अर्ज, हिशेब, लग्नपत्रिका, फार काय, नातेवाइकांची ख्यालीखुशाली हे सारेच कळांच्या स्वाधीन झालेले असल्यामुळे, एखादे अक्षर कळफलकावर सहज सापडते की नाही, यावर ते अक्षर वापरात राहते की नाही हे पुष्कळ अंशी अवलंबून राहू लागले आहे.

या विषयाला अलीकडे एक तातडीचे निमित्त मिळाले. घरोघरी असलेल्या जुन्या लॅपटॉपांवर बहुधा विंडोज १० ही कार्यप्रणाली असे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिला मिळणारा नेहमीचा मोफत आधार संपला. पुढची विंडोज ११ घ्यावी, तर ती जुन्या यंत्रांपैकी अनेकांना मानवत नाही; तिला ठरावीक पिढीचा प्रोसेसर आणि सुरक्षिततेची एक विशिष्ट चकती हवी असते. यंत्र तर धडधाकट आहे, पडदा चांगला आहे, कळा चालू आहेत. मग ते भंगारात का घालावे? असा विचार करणाऱ्याला लिनक्सचा मार्ग मोकळा आहे. लिनुस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली आरंभलेली ही प्रणाली आज उबंटू, मिंट, डेबियन, फेडोरा अशा अनेक नावांनी विनामूल्य मिळते. भारतातही सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ साली ‘बॉस’ या नावाने तिचे एक भारतीय रूप सिद्ध केले. एखाद्या जुन्या लॅपटॉपवर ही प्रणाली बसविणे हे तास-दीड तासाचे काम आहे. यंत्र पुन्हा हलके आणि चपळ होते, आणि घरातील माणसे समाधानाने त्याच्यापुढे बसतात.

आणि मग पहिली तक्रार येते ती कळफलकाची. देवनागरीत लिहिण्याची सोय कोठे गेली ते कळत नाही. भाषा बदलण्याची हातवळणी पडलेली कळ आता भलतेच काही करते. वरच्या रांगेतील कळा दाबल्या, तर अपेक्षित काम होण्याऐवजी आवाज वाढतो किंवा पडदा अंधारतो. रुपयाचे चिन्ह उमटत नाही. कोणी म्हणते, नवी प्रणाली सदोष आहे. कोणी म्हणते, कळफलक बिघडला. वस्तुतः या दोहोंपैकी काहीच झालेले नसते. कळांना कोणते अक्षर नेमून द्यावयाचे, एवढे सांगावयाचे राहिलेले असते.

हे नीट समजण्यासाठी ग्वाल्हेरसारख्या संगीताच्या नगरीत दृष्टान्त शोधायला फार दूर जायला नको. बाजाच्या पेटीचा एक प्रकार असतो. तिच्यातील पट्ट्यांची सबंध रांग डावी-उजवीकडे सरकविता येते. रांग सरकविली की तीच पट्टी दाबूनही सूर निराळा निघतो, कारण तिच्याखाली आता दुसरी स्वरपट्टी आलेली असते. गाणाऱ्याचा आवाज काळी दोनचा असो वा पांढरी पाचचा, पेटीवाल्याची बोटे मात्र आपल्या सवयीच्याच पट्ट्यांवरून फिरतात. सूर पट्टीत नसतो. तो आतल्या स्वरपट्टीत असतो, आणि कोणत्या पट्टीखाली कोणता स्वर यावा हे बसविणाऱ्याच्या हाती असते.

संगणकाच्या कळेचेही असेच आहे. तिच्यावर कोरलेले रोमन अक्षर म्हणजे केवळ वरचा रंग. ‘जे’ असे कोरलेली कळ दाबली म्हणजे यंत्राकडे ‘जे’ हे अक्षर जात नाही. ‘अमुक ठिकाणची कळ दाबली गेली’ एवढीच वर्दी जाते. लिनक्सचा गाभा त्या कळेला एक क्रमांक देतो. ‘जे’ कळेचा तो क्रमांक ३६, ‘एन’ कळेचा ४९. हा क्रमांक मग एका कोष्टकापुढे येतो. कोष्टक इंग्रजीचे असेल तर ३६ क्रमांकाच्या कळेतून ‘जे’ निघतो. देवनागरीचे असेल तर ‘र’ निघतो. आणि शिफ्टची कळ दाबून धरली असेल, तर त्याच कळेतून ‘ऱ’ निघतो. कळ तीच, तिचा क्रमांकही तोच. बदलले ते फक्त कोष्टक. आणि लिनक्सचा विशेष असा की, हे कोष्टक कुलूपबंद नाही. ते साध्या मजकुराच्या फायलीत लिहून ठेवलेले असते. ते वाचता येते, बदलता येते आणि नवे लिहिताही येते.

आता देवनागरीचे कोष्टक कोणते घ्यावे, हा पुढचा प्रश्न. याला थोडा इतिहास आहे. यंत्रावर देवनागरी प्रथम आली ती टंकलेखन यंत्राच्या, म्हणजे टाइपरायटरच्या द्वारे. त्या यंत्राच्या मर्यादा कठोर होत्या. मोजक्याच कळांवर सर्व अक्षरे, अर्धी अक्षरे, काने, मात्रा, वेलांट्या बसवायच्या होत्या. त्यामुळे अक्षरांचे तुकडे करून ते कळांवर वाटले गेले, आणि पहिली वेलांटी कागदावर जशी अक्षराच्या आधी दिसते तशी ती आधीच मारण्याची रीत पडली. या रचनेला रेमिंग्टन कळफलक असे म्हणतात. ज्यांनी कचेऱ्यांतून वर्षानुवर्षे या यंत्रावर काम केले, त्यांची बोटे आजही तिलाच सरावलेली आहेत. पुढे संगणक आल्यावर ‘कृतिदेव’सारखे फाँट निघाले. त्यांनी जुनी रेमिंग्टन रचना उचलली खरी, परंतु एक चलाखी केली. आत साठविली जात ती रोमन अक्षरेच. फाँटने त्यांना देवनागरीचा मुखवटा चढविलेला असे. म्हणूनच कृतिदेवमध्ये लिहिलेले जुने पत्र तो फाँट नसलेल्या यंत्रावर उघडले, की त्या जागी रोमन अक्षरांचा अर्थहीन गोंधळ दिसतो. लिनक्स घेतल्यावर ‘माझी जुनी पत्रे बिघडली’ अशी जी ओरड होते, तिचे मूळ पुष्कळदा येथे असते. पत्रे बिघडलेली नसतात. मुखवटा मागे राहिलेला असतो. ती पत्रे युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेतली की पुन्हा वाचता येतात.

याउलट भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८६ साली ‘इनस्क्रिप्ट’ नावाची रचना प्रमाण म्हणून ठरविली. तिची बैठक निराळी आहे. तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने मुख्यतः उजव्या हाताला, अशी वाटणी केलेली आहे. अक्षर दिसते कसे यापेक्षा ते उच्चारले कसे जाते, या क्रमाने ते लिहावयाचे. ‘जि’ लिहिताना आधी ज, मग वेलांटी. शिवाय ही रचना सर्व भारतीय लिप्यांना समान आहे. जी कळ देवनागरीत ‘क’ देते, तीच बंगालीत, गुजरातीत आणि तेलुगूतही ‘क’ देते. मध्य प्रदेशात सरकारी नोकरीसाठी सीपीसीटी ही संगणक-प्रावीण्य परीक्षा घेतली जाते. तिच्या हिंदी टंकलेखनात रेमिंग्टन आणि इनस्क्रिप्ट या दोन्ही रचनांना वाव आहे. म्हणजे हजिऱ्यातील एखाद्या तरुणाने इनस्क्रिप्ट शिकून घेतली, तर परीक्षेचे काम साधते आणि घरी मराठी लिहिण्याचेही साधते. नवे काही शिकावे लागत नाही.

मराठीच्या दृष्टीने या रचनेचा खरा लाभ तीन अक्षरांच्या बाबतीत आहे. पहिले अक्षर ‘ळ’. ज्या चंबळ नदीच्या परिसरात ग्वाल्हेर वसले आहे, तिचे नावच पाहावे. हिंदीत ती ‘चंबल’, मराठीत ‘चंबळ’. इनस्क्रिप्टमध्ये ‘ल’ हा ‘एन’ कळेवर आहे आणि ‘ळ’ त्याच कळेवर शिफ्टसह. दुसरे अक्षर म्हणजे आरंभी सांगितलेला तो अर्धा र. त्याची कथा मोठी मजेची आहे. युनिकोड या जागतिक अक्षरसूचीत ‘र’चा क्रमांक ०९३० आणि ‘ऱ’चा ०९३१. हा खाली टिंब असलेला ‘ऱ’ सूचीत घेतला गेला तो दक्षिणेकडील द्रविड भाषांतील एक विशिष्ट उच्चार देवनागरीत लिहिता यावा म्हणून. परंतु त्याला हलन्त जोडून पुढे व्यंजन लिहिले, की त्याचे जे अर्धे रूप होते ते मराठीचे आहे. दक्षिणेचे पूर्ण अक्षर आणि मराठीचे अर्धे अक्षर एकाच क्रमांकाखाली असे शेजाराने नांदत आहेत.

हे अर्धे अक्षर केवळ शोभेचे नव्हे, याचा पुरावा चंबळच्या खोऱ्यातच मिळतो. ‘चंबळच्या दऱ्या’ म्हणजे त्या नदीकाठच्या खोल घळी. आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र. एका चुकीच्या कळेने मध्य भारतातील घळींचा सागर होतो. ‘आचाऱ्यास बोलवा’ म्हटले तर स्वयंपाकी येईल. ‘आचार्यास बोलवा’ म्हटले तर गुरुजी येतील. ज्या भाषेत इतक्या लहान रेघेवर इतका अर्थ अवलंबून आहे, त्या भाषेच्या लेखकाला ती रेघ कळफलकावर मिळालीच पाहिजे. तिसरे अक्षर ‘ॲ’. इंग्रजीतून आलेले ‘ॲप’, ‘ॲसिड’ यांसारखे शब्द लिहिताना हिंदीची पद्धत ‘ए’वर चंद्र देण्याची, तर मराठीची ‘अ’वर चंद्र देण्याची. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्यामुळे १९८६ च्या मूळ रचनेत त्याला जागा असणे शक्यच नव्हते. पुढे सुधारित इनस्क्रिप्ट सिद्ध झाली आणि भारतीय मानक ब्यूरोने २०१६ साली तिला मानकाचे रूप दिले. म्हणून लिनक्समध्ये कोष्टक निवडताना नुसते ‘हिंदी’ न घेता, यादीत मराठीचे सुधारित इनस्क्रिप्ट असेल तर ते घ्यावे; आणि ‘ॲ’ एखाद्या कोष्टकात नसेल, तर त्याची भर घालून घ्यावी.

‘हजिऱ्यात’ हा शब्द इनस्क्रिप्टमध्ये कसा उमटतो ते एकदा क्रमाने पाहिले, म्हणजे सारी रीत उकलेल. ‘यू’ कळेवर ह, ‘पी’वर ज, ‘एफ’वर पहिली वेलांटी, मग शिफ्ट धरून ‘जे’, म्हणजे ऱ, ‘डी’वर हलन्ताची खूण, तिरप्या रेघेच्या कळेवर य, ‘ई’वर काना, आणि ‘एल’वर त. आठ कळा, आणि शब्द शुद्ध. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण यांच्या मिश्रणानेही तसेच दिसणारे अक्षर निघते. डोळ्याला दोन्ही सारखी, पण संगणकाला निराळी. एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधू गेले तर सापडेलच अशी खात्री नाही. म्हणून घरातील सर्वांनी एकच रीत धरावी, आणि ती ०९३१ या क्रमांकाच्या ‘ऱ’चीच असावी हे बरे.

प्रत्यक्ष मांडणीचे काम अवघड नाही. उबंटूमध्ये सेटिंग्जमधील कीबोर्ड या सदरात ‘इनपुट सोर्सेस’ अशी जागा आहे. मिंटमध्ये कीबोर्डच्या सदरात ‘लेआउट्स’. तेथे हवी ती कोष्टके जोडावीत. पहिले कोष्टक मात्र इंग्रजीचेच ठेवावे. याचे कारण व्यवहाराचे आहे. यंत्र सुरू होताना जो परवलीचा शब्द विचारला जातो तो बहुधा रोमन अक्षरांत असतो. पहिले कोष्टक देवनागरीचे झाले आणि ते दाराशीच लागू पडले, तर घरधन्यालाच आपल्या घरात प्रवेश मिळेनासा होतो. इंग्रजीच्या कोष्टकांतही ‘भारतीय इंग्रजी, रुपयासह’ असा एक प्रकार आहे. तो घेतला की उजवी ऑल्ट कळ धरून ४ दाबताच ‘₹’ हे चिन्ह उमटते. भारत सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलेले हे चिन्ह ज्यांना हिशेबात रोज लागते, त्यांनी एवढे एक तरी करून घ्यावे.

दोन कोष्टकांमध्ये ये-जा करण्यासाठी उबंटूत विंडोचे चित्र असलेली कळ आणि स्पेस या दोन कळा एकदम दाबाव्या लागतात. ज्याला एका वाक्यात तीनदा लिपी बदलावी लागते त्याला हे जाचक वाटते. अशा वेळी एका कळेकडे लक्ष द्यावे, आणि ती म्हणजे कॅप्स लॉक. रोमन लिपीत लहान-मोठी अशी दोन अक्षरे असल्यामुळे ती कळ जन्माला आली. देवनागरीत अक्षर एकच. लहान नाही, मोठे नाही. म्हणजे मराठी लिहिणाऱ्याच्या दृष्टीने कळफलकावरील सर्वांत मोक्याची, करंगळीखालची कळ रिकामी बसलेली आहे. लिनक्समध्ये या कळेला लिपी बदलण्याचे काम देण्याची सोय तयार आहे. मिंटमध्ये ती लेआउट्सच्या ‘ऑप्शन्स’मध्ये सापडते, उबंटूत त्यासाठी ‘ट्वीक्स’ हे लहानसे साधन बसवावे लागते. याहून गोड गोष्ट अशी की, कॅप्स लॉकचा जो इवलासा दिवा असतो, त्यालाही दुसरे कोष्टक चालू असल्याची खूण करता येते. दिवा लागला की देवनागरी, मालवला की रोमन. डोळे अधू झालेल्या वृद्धांना पडद्याच्या कोपऱ्यातील बारीक अक्षरे शोधण्यापेक्षा हा दिवा फार सोयीचा पडतो.

वरच्या रांगेतील कळांची तक्रार मात्र निराळ्या ठिकाणी सोडवावी लागते. आवाज, उजेड यांची चित्रे आधी लागू व्हावीत की एफ-१ ते एफ-१२ ही कामे आधी व्हावीत, हे पुष्कळ लॅपटॉपांत कार्यप्रणाली सुरू होण्यापूर्वीच्या मूळ मांडणीत ठरते. यंत्र सुरू करताना त्या मांडणीत शिरून तो पर्याय बदलावा लागतो. काही यंत्रांवर एफएन आणि एस्केप या दोन कळा एकदम दाबूनही तो बदलतो. ॲपलच्या लॅपटॉपांवर लिनक्स बसविले असेल, तर तेथील कळफलकाच्या चालकाला एक अंक सांगावा लागतो. १ सांगितला तर चित्रांचे काम आधी, २ सांगितला तर एफ-कळांचे काम आधी. त्या चालकाला ऑप्शन आणि कमांड या कळांची अदलाबदल करण्यासही सांगता येते. म्हणजे इतर यंत्रांची सवय असलेल्या बोटांना चुकल्यासारखे होत नाही.

आता एका घराची कल्पना करावी. आजोबा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांची सारी हयात हिंदी टाइपरायटरवर गेली. सूनबाई रोमन अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्या. नातू इनस्क्रिप्ट शिकलेला. लॅपटॉप मात्र घरात एकच. नातवाने लिनक्स बसविले, आणि आजोबा चष्मा सावरीत म्हणतात, “अरे, तुझ्या या नव्या यंत्रात माझी अक्षरे पळाली कोठे?” नातू सांगतो, “आजोबा, अक्षरे कोठे गेली नाहीत. तुम्ही कोणत्या कळेवर काय मारता एवढे मला दाखवा. तसेच बसवून देतो.” हे आश्वासन पोकळ नाही. रेमिंग्टनची रचना साध्या कोष्टकात बसत नाही हे खरे. कारण तेथे वेलांटी आधी येते आणि अक्षरांचे तुकडे जुळवावे लागतात. परंतु त्यासाठी आय-बस नावाची निराळी लेखनपद्धती आहे. तिच्यात रेमिंग्टनची सोय मिळते, आणि मराठी जालावरील लेखकांच्या परिचयाची ‘गमभन’ ही रोमन उच्चारांवरून लिहिण्याची पद्धतही मिळते. ज्यांना रोमन सवय सोडवत नाही पण साधे कोष्टक हवे, त्यांच्यासाठी कर्नाटकातील कन्नड गणक परिषदेच्या रचनेवरून बेतलेले ‘कगप’ हे मराठी कोष्टक आहे. साधी कोष्टके एका वेळी चार ठेवता येतात. याहून उत्तम म्हणजे घरातील प्रत्येकाला यंत्रावर आपापले खाते द्यावे. आजोबांच्या खात्यात आजोबांची मांडणी, सूनबाईंच्या खात्यात त्यांची. एकाची सोय दुसऱ्याला गैरसोय होत नाही.

तयार कोष्टकांनीही ज्याचे समाधान होत नाही, त्याला स्वतःचे कोष्टक लिहिता येते. एखाद्याला ‘ऱ्य’ हे सबंध जोडाक्षर वारंवार लागते. एखाद्याला अंक देवनागरीच हवे असतात. एखाद्याला दंड हवा असतो. उजवी ऑल्ट कळ ही जणू तिसरा मजला आहे. साध्या कळेवर एक अक्षर, शिफ्टवर दुसरे, आणि उजव्या ऑल्टवर तिसरे. तेथील मोकळ्या जागी आपल्या गरजेचे चिन्ह बसवावे. मात्र हे करताना दोन पथ्ये पाळावीत. एक, प्रणालीच्या मूळ फायलीला हात लावू नये. पुढच्या सुधारणेच्या वेळी ती फाइल नव्याने येते आणि केलेली मेहनत पुसली जाते. आपली भर आपल्या खात्यातील स्वतंत्र फायलीत ठेवावी; नव्या प्रणालींत तशी सोय केलेली आहे. आणि दुसरे, जे बदलले ते एका कागदावर लिहून यंत्राच्या पिशवीत ठेवावे. बदल करणारा मुलगा उद्या शिक्षणासाठी परगावी गेला, तर घरातील माणसांना आपल्याच कळफलकाची किल्ली सापडली पाहिजे.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? हिंदीत लिहावे, रोमनमध्ये लिहावे, समजणाऱ्याला समजतेच. हा युक्तिवाद ऐकायला सोपा आहे. परंतु ग्वाल्हेरच्या मराठी माणसाने त्याचा थोडा विचार करावा. हे संस्थान होते तेव्हा येथे मराठीला दरबारचा आश्रय होता. भास्कर रामचंद्र तांबे येथे राजकवी होते. याच संस्थानातील श्योपूर येथे जन्मलेले गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे थोर कवी झाले, आणि त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे. एकाच मराठी घरात दोन भाषा अशा नांदल्या, आणि कोणी कोणाला बाहेर घालविले नाही. हिंदीशी भांडण नाही; ती शेजाराची आणि व्यवहाराची भाषा आहे, आणि इनस्क्रिप्टसारखी समान रचना तर दोघींनाही एकाच कळफलकावर जागा देते.

भाषा परमुलखात लोप पावते ती बंदी घातल्यामुळे क्वचितच. ती लोप पावते कंटाळ्यामुळे. ‘ळ’ सापडत नाही म्हणून ‘ल’ लिहिला जातो. अर्धा र मिळत नाही म्हणून रफार दिला जातो. लिपी बदलण्याचा त्रास होतो म्हणून आईला लिहिलेले पत्र रोमनमध्ये जाते. मुले तेच पाहतात आणि त्यांना तेच बरोबर वाटू लागते. एका पिढीने कंटाळा केला की पुढच्या पिढीला ती चूक आहे हेही ठाऊक राहत नाही. याउलट अक्षर बोटाखाली असेल तर ते सहज लिहिले जाते. आणि सहज लिहिले जाते तेच टिकते.

राजदरबार गेले, गिरणीचा भोंगा थांबला. घराबाहेरच्या या गोष्टी कोणा एकाच्या हाती नव्हत्या. घरातील जुन्या लॅपटॉपवरची एक कळ मात्र प्रत्येकाच्या हाती आहे. तिच्यावर कोणते अक्षर असावे हे कारखान्याने ठरविले असले, तरी तो निर्णय अखेरचा नव्हे. रविवारच्या एका दुपारी नातवंडाने आजोबांना शेजारी बसवून घ्यावे, त्यांच्या सवयी विचारून घ्याव्यात, कोष्टक निवडावे, कॅप्स लॉकला तिचे नवे काम सांगावे. आणि मग पहिला शब्द म्हणून, आपण राहतो कोठे, ते मराठीत शुद्ध लिहून पाहावे.